मोठमायचं माप

चोपड्याच्या पुढं, डांबर संपतं तिथं,
वनखात्याचं उपचार केंद्र. सहा पिंजरे, एक बोअर,
एक कडुनिंब, त्याखाली टेबल म्हणून दोन दारं जोडलेली.
मे महिना. साडेपाचलाच भूल द्यायची ठरली,
आठनंतर तिचं अंग तापतं,
मग औषधाचा हिशेब हातात राहत नाही.

मशीन आणलं बोंडे डॉक्टरांच्या प्रसूतिगृहातून,
तीन सह्या, एक शिक्का.
झाकणावर अजून तोच स्टिकर,
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
सोबतच्या कारकुनानं वही उघडली.
रुग्णाचं नाव? वय? पतीचं नाव?
जुम्मा तडवी म्हणाला, मोठमाय लिखा.
वय तेरा.
नवरा सातपुडामां कोठे तरी व्हई.
कारकुनानं पेन थांबवलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि तो रकाना तसाच ठेवला.

ती पाणी जास्त पिते, हे कुणाला कळलंच नसतं.
इथं मेमध्ये कोण जास्त पीत नाही?
म्हशी पितात, कूलर पितात, जीपचं रेडिएटर पितं.
पण जुम्मा रोज सांजेला हौदात डोकावून
भिंतीवर कोळशाची रेघ ओढायचा.
फेब्रुवारीत रेघा विटेच्या एका थरात मावत होत्या.
एप्रिल सरताना तीन थर खाली उतरल्या.
"हाई पानी उन्हायानं नही शे, ताई."
मी हसले होते तेव्हा.
ते हसू आज माझ्यासोबत टेबलापाशी उभं आहे.

बाराव्या मिनिटाला तिनं मान टाकली.
जुम्मानं ओलं फडकं डोळ्यांवर ठेवलं.
मी कुशीवरचे केस उतरवले,
ताडपत्रीवर ठिपके पडत गेले
आणि खाली, उघड्या कातडीवर, पुन्हा ठिपके.
फिकट. पुसता न येणारे.
जेल लावलं. भुलीतही कातडी एकदा थरारली.

पडद्यावर राख हलली, मग राखेला आकार आला.
डावी पाच पूर्णांक आठ.
उजवी त्याहून कमी, चार पूर्णांक नऊ.
कड काळसर दिसायला हवी, ती पांढुरकी,
तापीकाठच्या खारवट रानात
मीठ वर यावं तशी.

पण लहान म्हणजे कशाहून लहान?
पुस्तकात घरच्या मांजराचं माप आहे,
कुठल्याशा थंड देशातल्या सिंहाचं आहे.
आमच्या डोंगरातल्या बिबट्याचं
कुणी घेऊन ठेवलेलं नाही.
मग जुना एक्स-रे काढला,
कमरेचा दुसरा मणका मोजला
आणि तिलाच विचारलं,
बाई, तुझ्या हाडाच्या हिशेबानं तुझं किती?
तीन नंबरच्या तरण्या नराची अडीच पट भरली होती.
हिची दोन पटही भरेना.

"तिले दुखस का?"
माहीत नाही, जुम्मा.
"बरं व्हई?"
गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं.
त्यानं पडद्यावरचा आकार बोटांनी मापला,
मग स्वतःच्या कमरेला, मागं, तीच बोटं लावून पाहिली.
काही बोलला नाही.

सात वाजता ती लडखडत उठली,
एका बाजूनं भादरलेली, आमच्यावर चिडलेली.
ते चिडणं बघून बरं वाटलं.
प्रोब तीनदा पुसला, तरी एक केस चिकटून होता,
सोनेरी, टोकाला काळा.
दहाला त्याच मशीनपुढं
गावातली पहिली बाई आडवी होणार होती.
केस मी वहीत ठेवला, रिकाम्या रकान्यावर.
कारकुनानं वही मिटली. बहुतेक पाहिलं नसावं.

परत निघाले तेव्हा जुम्मा दुसरा हौद घासत होता,
सावलीकडचा.
त्याच्या भिंतीवर अजून एकही रेघ नव्हती.