खाडा

मागावरच्या बाईला कान उरत नाहीत.
एका छपराखाली तीनशे धोटे;
आम्ही ओठ वाचायचो.
कोणाचं लग्न ठरलं, कोणाला दिवस गेले,
फोरमन कोणावर खेकसला,
सगळं ओठांवरून.

म्हणून मैदानावरची आरोळी मला ऐकू यायची ती लांबच्या नळासारखी.
मी बघायचे : सहा हजार तोंडं एकदम उघडली
आणि सगळ्यांत एकच नाव.
इड्वल. इड्वल प्रॉसर.

रात्रीच्या गाडीने आला होता ऱॉचडेलला,
कॉलर वर करून, चोरासारखा.
वेल्समधल्या कुठल्याशा स्टेशनात, चहाच्या टेबलावर
आमच्या क्लबच्या माणसाने साठ सोन्याची नाणी मोजली.
ह्याने त्यातलं एक चावून पाहिलं.
लोक ही गोष्ट सांगून हसायचे.
बाराव्या वर्षापासून ज्याच्या दाताखाली कोळसाच आला
तो सोनं चावून बघणारच की.

शनिवारी खेळायचं म्हणजे गॅसच्या कारखान्यात खाडा,
आणि खाड्याचे सहा शिलिंग क्लबने द्यायचे.
एवढ्यावरून तिकडचे साहेबलोक म्हणाले, खेळ बाटला.
ज्यांच्या घरी कधी खाडा पडलाच नाही
त्यांचं सोवळं.

धावताना डावा खांदा खाली घालायचा.
पेपरवाल्याने त्याला शैली म्हटलं.
खाणीत छत ठेंगणं असतं, एवढंच.

सहाव्या वर्षी सासरे गेले. आम्ही गावी गेलो.
दुपारी माती दिली, तीनला सामना होता.
फाटकावर तिकिटाची पेटी घेऊन त्याचा भाऊ, गेथिन,
दंडाला अजून काळी पट्टी.
त्याने पैसे घेतले नाहीत.
फाटकही उघडलं नाही.
मग कोळशाच्या राखेच्या ढिगाऱ्यावर चढून बघितला आम्ही सामना;
माझ्या एकुलत्या एका चांगल्या बुटांची वाट लागली.
चेंडू कुठे जाणार ते हा आधीच सांगत होता,
आणि तो तिथेच जात होता.

पुढे नियम बदलले. पंधरांचे तेरा झाले,
आणि त्याच हिवाळ्यात, लीच्या मैदानावर, गोठलेल्या चिखलात
ह्याच्या गुडघ्याचे तीनतेरा.
डॉक्टरला द्यायला शेवटचं नाणं काढलं पिठाच्या डब्यातून,
दाताची खूण असलेलं.
त्याने ते आधी तराजूत टाकलं.

आता ढगळ कोट घालून कारखान्याच्या दारावर बसतो.
पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळतात,
त्यांना कधी काही शिकवत नाही.

रात्री झोपेत त्याचे ओठ हलतात.
दिव्याची वात वर करून मी वाचायला जाते, पण ते वेल्श.
अख्ख्या गिरणीचे ओठ वाचलेली बाई मी,
घरातलेच वाचता येत नाहीत.

एकदा सकाळी विचारलंच, काय बोलत होतास?
बुटाची नाडी बांधत होता. मान वर केली नाही.
म्हणाला, पास मागत होतो.
कोणाकडे?
गेथिनकडे.