गुडघाभर हवा

पहाटे पाचला, खळग्याच्या काठावर,
मी आधी कंदील खाली सोडते, मग पाय.
दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी आहेत.
आज चौथ्या गाठीशी ज्योत
फडफडलीसुद्धा नाही.
होती, आणि नव्हती.

माझुकू म्हणतात तिला इकडे, गोमाच्या पश्चिमेला.
रंग नाही, वास नाही.
पाण्यासारखी सखल जागा हुडकायची खोड तेवढी आहे.
रात्री वारा पडला की
काळ्या लाव्हाच्या भेगांतून वर येते
आणि खळग्यात बसून राहते,
जिला कुणी पाट मांडला नाही
अशा पाहुणीसारखी.

काठाखाली कावुघोची शेळी पडली आहे.
तोंडात अजून गवत.

उभ्या माणसाला इथे काही होत नाही.
वाकलेल्याला होतं.
रांगणाऱ्याला होतं.
चिकुरू, माझा भाऊ, चेंडू आणायला उतरला होता,
चार वर्षांचा, म्हणजे नेमका तेवढ्याच उंचीचा.

नोकरी लागल्यावर शिकले ते असं:
जिथवर कुठलीच दोरी पुरत नाही, तिथे खाली
दगड तापतो, दबतो,
पण सहजी वितळत नाही. हट्टी असतो.
मग त्याच्या कणाकणांत मुरलेलं किंचित पाणी,
किंचित कार्बन,
भाजीत मीठ पडावं इतकंच,
आणि तेवढ्याने तो पाघळतो,
फार वर्षांनी कुणी लहानपणच्या नावाने हाक मारावी
तसा.
पाघळला की वर निघतो.
वर येता येता अंगावरचा भार उतरत जातो,
आणि पोटातलं ओठावर येतं.

आमचे मुशागालुसा साहेब हे बिअरची बाटली उघडून शिकवायचे.
झाकण दातांनी काढायचे.
फेस बाहीवर सांडला की म्हणायचे,
हा घ्या न्यिरागोंगो, धडा संपला.
आम्ही हसायचो. डोंगर मागे रात्रभर लाल असायचा.

हेही त्यांनीच सांगितलं,
की आभाळ बरंचसं असंच झालं आहे,
आतल्या उसाशांचं.
समुद्रातलं पाणीही पुष्कळसं तिथलंच.
म्हणजे आपलं तळं, तळ्यातले मासे, आईचं दूध,
चिकुरूचा पहिला श्वासही
त्याच भेगांतून आलेला.
मग हिला शिव्या कुठल्या तोंडाने द्यायच्या?

देते. तरी देते.

काचेच्या कुपीत कॉस्टिक सोडा असतो.
नळी भेगेत खोचली की
जड हवा बुडबुडत त्यात विरून जाते,
आणि वर, मानेपाशी,
कशातच न मिसळणारं थोडंसं उरतं.
त्यात हेलियम असतो.
त्यातला काही, पृथ्वी नुसती गोळा होत होती
तेव्हाच आत अडकलेला.
एवढ्या काळात त्याने ना दिवस पाहिला ना कुणाचं तोंड.
तो माझ्या तळहातात मावतो आणि
त्याचं वजन लागत नाही.

कुपी फुटली तर तो खळग्यात थांबणार नाही.
ढगांच्या वर जाईल, मग आणखी वर,
एक दिवस पृथ्वीच सोडून देईल, मागे न बघता.
हलकं ते जातं.
जड ते आपल्यापाशी राहतं,
गुडघाभर.

मासिसीहून पळून आलेल्यांचे तंबू
आता थेट काठापर्यंत लागले आहेत.
दुसरीकडे जागाच नाही.
फुराइशा नावाच्या बाईने पाठीवरचं मूल सोडलं,
माझ्या कुपीकडे बघितलं, कंदिलाकडे बघितलं,
आणि विचारलं, याला निजवू कुठे?

मला तक्ते पाठ आहेत. टक्केवारी पाठ आहे.
मी चुलीतला कोळसा उचलला
आणि तिच्या तंबूच्या खांबावर
कमरेच्या उंचीला एक रेघ ओढली.
इथून वर.

तिने खोकी रचली, फळी टाकली,
मूल त्या फळीवर ठेवून
हाताने दोनदा दाबून पाहिली, हलते का.

दुपारी वारा सुटला.
माझुकू पांगली. शेळीवर माशा आल्या.
रेघ पुसू का, फुराइशाने विचारलं.

नको, म्हटलं.