उकार दुसरा

छापखाना बंद झाला, तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
मालकांनी मला हा कॉम्प्युटर दिला.
म्हणाले, "हुपरीकरबाई, चालता आहे."
चालत होताच. फक्त दर तासाला
पडदा काळा करून कोपऱ्यात लिहायचा:
ही प्रत अस्सल नाही.

एकतीस वर्षं मुद्रितं तपासली मी.
पंचांगं, लग्नपत्रिका, भूगोलाची गाइडं,
एका आमदारांचं आत्मचरित्र, ज्यात 'त्याग' सतरा वेळा आला
आणि सतराही वेळा बिनचूक छापला.
प्रतीचं अस्सलपण
मला शिकवतोय हा डबा!

मांडीवर घेऊन रिक्षाने तापकीर गल्लीत गेले.
तिसऱ्या मजल्यावर तौफिक बागवान,
दातांत स्क्रू, कानामागे पेन्सिल.
परवान्याची किंमत ऐकून मी उठलेच.
"बसा हो. लिनक्स टाकू? त्याला परवाना विकत घ्यावा लागत नाही."
"म्हणजे फुकट?"
पुण्यात कुणी फुकट म्हणालं
की आधी पावती मागावी.
"फुकट नाही, मोकळं. माझी मजुरी तीनशे."
आणि पावती फाडली खरंच.

घरी लावलं तर सगळं मराठी.
कुणी केलं असेल, कुठल्या कचेरीत बसून, किती पगारावर?
'कचरापेटी', छान. 'रद्द करा', ठीक.
आणि खाली बटणावर, ठळक टायपात:
पुन्हा सुरु करा.

रु पहिला.

हात लाल पेनाकडे गेला आणि तसाच परत आला.
काचेवर काय लिहिणार?
या शहरात अशा चुका मी पाट्यांवर सोसल्या,
बसच्या पाठीवर सोसल्या,
पोस्टकार्डं टाकली. उत्तरादाखल एकदा
कॅलेंडर आलं. एप्रिलमध्ये दोन चुका.

तौफिकला फोन केला, जरा चढ्या आवाजातच.
"मग बदला की," तो म्हणाला.
"मी?"
"कुणीही. आतून उघडंच असतं ते."

फोन ठेवून बराच वेळ बसून राहिले.
इतकी वर्षं पान एकदा छापलं
की मेलं, असं धरून चाललेली मी.
आणि हे पान
जगभर वापरात, तरी अजून ओलं,
वाचणाऱ्यासाठी समास सोडलेलं.

रात्री दीड वाजता एक उकार बदलला.
पहिला काढला, दुसरा लावला.
कारण लिहा, असं विचारलं होतं. लिहिलं:
मराठी शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ.
अकरा दिवस सामसूम.
बाराव्या दिवशी वर्ध्याहून कुणी डोंगरदिवे:
"बरोबर आहे. घेतलं."
मालकांनी एकतीस वर्षांत
हे दोन शब्द कधी म्हटले नव्हते.

मार्चमध्ये तौफिक मला येरवड्याला घेऊन गेला.
अभ्यासिकेत ओळीने नऊ यंत्रं,
कंपन्यांनी टाकलेली, त्याने जोडलेली,
एकाचा माउस दुसऱ्याच्या रंगाचा.
एक मुलगी, असेल सहावीतली,
बटणाशी बोट नेऊन वाचत होती:
पुन्हा
सु
रू
'रू'वर ती थांबली,
जेवढं थांबायला हवं तेवढंच.
मग तिने बटण दाबलं आणि पडदा विझला.

मी तिला काही सांगितलं नाही.
सांगण्यासारखं एवढंसं तर होतं.

आता डोंगरदिव्यांशी वाद चालू आहे.
ते म्हणतात 'पूर्वनिर्धारित'.
सहा अक्षरं, दोन रफार, आणि अर्थ काय,
तर नेहमीचं.
मग 'नेहमीचं'च लिहा ना!
ते म्हणतात, फार घरगुती वाटतं.
वाटू दे.
चहा ठेवलाय.
आज त्यांना सविस्तर लिहिते.