पुरीची आई

कुतैसीच्या बालवाडीच्या दारावर कागद चिकटवला होता:
या आठवड्यात रोज एका घरचं माणूस येईल
आणि आपल्या हातांना जे येतं ते शिकवील.

सोमवारी बेसोचे आजोबा आले, रिकामं पोळं घेऊन.
एका घराच्या भिंती मुलांनी बोट लावून मोजल्या,
कुणी पाच म्हणालं, कुणी सात.
आजोबा म्हणाले, माश्यांना विचारून सांगतो.
मंगळवारी एलेनेची आई. ती मिनीबस चालवते.
खुर्च्या मांडून बस केली, सुटे पैसे वाटले,
शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले
तरी एक प्रवासी उरला, तो खरंच झोपला होता.

बुधवारी तोर्निके,
ग्वांत्साचा मामा.
म्हणजे बाप. तिकडे बापाला मामा म्हणतात,
आईला देदा, आणि पावाला चक्क पुरी.
लांबून ओळखीचे वाटतात शब्द,
जवळ जावं तर कूस बदलून झोपलेले.

"मला काय येतं?" तो फोनवर म्हणाला होता. "पीठ."
"मग पीठच आणा," नाझिकोबाई म्हणाल्या.

त्याने तीनदा हात धुतले.
चिमुकल्या खुर्चीत बसला, गुडघे कानांशी.
हातांवरचे केस भट्टीने कधीच नेलेले.
"तुमच्या हातांना टक्कल पडलंय?" इराक्लीने विचारलं.
"हो," तो म्हणाला, "डोक्याच्या आधी."

लिंबाएवढा गोळा प्रत्येकाला.
आपापल्या नावाचं पहिलं अक्षर करा.
त्यांची अक्षरं वेलीच्या तणाव्यांसारखी,
डोक्यावर रेघ नाही, कुणी कुणाला लोंबकळत नाही.
पिठाला ती सोपी जातात.

ग्वांत्साने ग केला नाही. द केला.
"चुकली! हिचं नाव द वरून नाहीये!" इराक्ली.
बाईंनी तोंड उघडलं, मिटलं.
बापाने बोट पाण्यात बुडवलं
आणि तिच्या द चा सांधा ओला करून दाबला,
भाजताना सुटू नये म्हणून.

देदा इटलीत आहे, समुद्राकाठच्या एका शहरात,
कुणा परक्या म्हातारीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते.
दोन वर्षं आणि हा उन्हाळा.

मग दोरी धरून सगळी भट्टीवर गेली, दोन गल्ल्या ओलांडून.
तो कमरेत वाकून मातीच्या विहिरीत शिरला,
पाय जमिनीवरून सुटलेले,
मुलांनी श्वास धरले,
ग्वांत्साने तेवढे धरले नाहीत. तिला ठाऊक होतं,
हा माणूस दर वेळी वर येतो.

अक्षरं फुगली. कुणाचंच वाचता येईना.
इराक्लीचं अक्षर बटाटा झालं, एलेनेचं बदक.
द चं पोट भरून आलं, भोक बुजलं.
"देदा जाड झाली," ग्वांत्सा म्हणाली
आणि फुंकर न घालता चावली. जीभ पोळली.
रडली ती जिभेसाठी. निदान सगळ्यांना तसंच वाटू दिलं.

जाताना त्याने वर्गाला एक बरणी दिली,
आंबलेलं पीठ, वर फडकं.
याला म्हणतात पुरिसदेदा: पुरीची आई.
रोज एक चमचा पीठ, एक घोट पाणी.
विसरलात तर रुसते, पण लगेच मरत नाही.

शनिवार-रविवार बरणी कुणाच्या घरी, याची यादी झाली.
पहिलं नाव कुणाचं, यावर बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या.
सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं,
हे फक्त कचऱ्याच्या टोपलीला माहीत.

सोमवारी ग्वांत्सा बरणी छातीशी धरून आली.
फडकं बदललेलं, घरचं, निळ्या चौकटींचं.
"रात्री फोनशेजारी ठेवली होती," तिने सांगितलं,
"दोघी बोलल्या."
"काय बोलल्या?"
"बुडबुडे," ती म्हणाली,
आणि चमचा शोधायला गेली.