चौथा रकाना

मुसाखेडीच्या सरकारी शाळेत, पाचवी ब च्या वर्गात
रविवारी सकाळी आम्ही टेबलं मांडली.
फळ्यावर शनिवारचा भागाकार तसाच होता,
बाकी तीन, कुणी पुसली नव्हती.
माझं अक्षर बरं,
बत्तीस वर्षं वीज मंडळात खतावण्या लिहिल्या,
म्हणून रजिस्टर माझ्यापुढे.
नाव. वय. वस्ती. तक्रार.
पुढचं डॉक्टरांचं.

उपाशीपोटी या, असं दोन दिवस रिक्षातून ओरडलो होतो.
मुख्तार पिंजारे कोपऱ्यावर पोहे खाऊन आले, वर शेव.
म्हणाले, "पोहे काय खाण्यात धरतात का, बाई?"
इंदुरात राहून मला याला उत्तर सुचेना.
साखर नंतर बघू, आधी या नळीत फुंका.
चाळीस वर्षं कापूस पिंजला त्यांनी,
लोकांच्या गाद्यांत भरत राहिले
स्वतःजवळचं काहीतरी.
काटा जरासा हलला, बसला.
पोरासारखे लाजले,
म्हणाले, परत एकदा फुंकू?

हासानंद काका अक्षरांच्या तक्त्यापुढे गप्प.
वाचतात ते, पण सिंधी, उजवीकडून.
मग दुसरा तक्ता काढला,
तोच तो इंग्रजी ई, चारी दिशांना तोंड फिरवलेला.
डावं-उजवं कुणी म्हणेना.
कंगव्याचे दात मशिदीकडे, म्हणाली एक.
हा नाल्याकडे.
हा रुळांकडे. हा वर, टाकीकडे.
शिकाऊ मनस्वी दर वेळी खिडकीशी जाऊन
टाकी कुठे ते बघून यायची,
मग बरोबरची खूण करायची.

टेकबहादूर रात्रपाळीवरून सरळ आलेला,
सगळ्यांत तो एकटाच खरा उपाशी.
रक्त दिलं आणि बाकावर झोपला,
शिटी गळ्यातच.

झेतूबाई डावर.
वय?
"मोठा पोटात होता तेव्हा पुलावर काम करत होतो."
कुठला पूल?
"तुम्ही येता ना, तोच."
मी अंदाजाने पस्तीस लिहिलं.
तक्रार?
पुतणीने बारेलीत विचारलं,
हिंदीत सांगितलं,
मी मराठीत ऐकलं:
कुणाबद्दल? माझी कुणाबद्दल तक्रार नाही.
मी लिहिलं, नाही.

बोट टोचलं. थेंब यायला वेळ लागला.
आला तो गुळाच्या पाण्यासारखा.
सहा पूर्णांक दोन.
डॉक्टर सय्यदबाईंनी चष्मा काढला.
"चालत आलीस?"
"आज डोक्यावर पाटी नव्हती ना."

चिठ्ठी लिहिली, मोठ्या हॉस्पिटलात, उद्याच.
बाहेर आमच्या कापडी फलकावर
लाल रंगात फुकट लिहिलं होतं.
तो शब्द शाळेच्या फाटकापर्यंतच पुरायचा,
त्यापुढे रिक्षा होती, रांग होती, बुडालेला रोज होता.
तिने चिठ्ठी घडी करून परत टेबलावर ठेवली.
तुमच्याकडेच असू द्या,
आमच्याकडे कागद उंदीर खातात.

सोमवारी आठपासून मी दाराशी उभी,
पर्समध्ये चिठ्ठी, पिशवीत रजिस्टर.
रजिस्टर का आणलं, माहीत नाही.
नऊ. दहा.
वॉचमनने दोनदा विचारलं, आजी, पेशंट कोण?
साडेअकराला मी चप्पल सरळ केली, निघायच्या बेतात,
तर ती आली.
मागे तिच्या गल्लीतल्या तिघी,
रविवारी न फिरकलेल्या,
एकीच्या कडेवर पोर.

भिंतीला टेकून तिने श्वास जमवला.
पुतणी नव्हती. हिंदी तिची तोडकी, माझी सरकारी.
"काल तुम्ही विचारलं ना ते?
आज है.
ठेकेदारने दिन काट लिया."

मी पायरीवर बसले, रजिस्टर मांडीवर घेतलं,
'नाही' खोडलं.
तिने सांगितलं तसं लिहू लागले,
ठेकेदाराचं नाव, साइट, किती रुपये.
रकाना दोन बोटांचा.
अक्षरं सरकत सरकत पाचव्यात गेली,
जिथे निदान लिहितात.