शुद्धिपत्र

मागच्या अंकात, पान एकेचाळीसवर,
'कोरडी गोदी' या नव्या जॅझ अल्बमबद्दल मी लिहिलं होतं :
'तिसऱ्या तुकड्यात ऑस्बर्ट परेरा
सिंबलला हातही लावत नाही.
इतका संयम आपल्याकडच्या ड्रमरांत विरळा.'

वाक्य मला आवडलं होतं.
'विरळा'पाशी पेन ठेवून
मी चहासुद्धा पिऊन आलो होतो.

अंक निघाला. माझगावहून ऑस्बर्टचा फोन :
"अंकल, त्या ट्रॅकात मी दुसरं कायच वाजवलेलं नाय.
साडेसात मिनिटं नुसती सिंबल.
ब्रशनी. काठाकाठानी."
रागावला नव्हता.
ते जास्त लागलं.

मी परळच्या इस्पितळात कान तपासतो, एकतीस वर्षं झाली.
गोदीतले रिवेटवाले, बॉयलरवाले,
निवृत्तीनंतर सुनेनं धरून आणलेले,
त्यांना काचेच्या खोलीत बसवतो, हेडफोन चढवतो,
सांगतो, शिट्टी आली की बोट वर करा.
चार हजार हर्ट्झपाशी त्यांचा आलेख कोसळतो
आणि ते हसून मलाच विचारतात,
"चालू झालं काय?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी आत बसलो.
बाहेर बटणांवर शिकाऊ नसीमा शिकलगार.
तिचा अंगठा हललेला मला दिसला.
परत हलला.
परत.
मग तिनं कागदावर खुणा जोडल्या,
उजवा कान लाल, डावा निळा,
दोघेही एकाच कड्यावरून खाली.
ती काही बोलली नाही. डबा अर्धा माझ्याकडे सरकवला.

तर :

हेमांगी तळपदेच्या सॅक्सोफोनबद्दल लिहिलं ते राहू द्यावं.
ती क्रियापदापर्यंत येते, थांबते,
आणि ते न उच्चारता पुढचंच वाक्य काढते,
माझी आत्या भांडताना काढायची तसं.
समोरच्याला उत्तर देता येत नाही.

कैझादचा पियानो 'जरा नटवा' म्हटला होता.
त्याची वरची पट्टी माझ्यापर्यंत बोथट होऊन आली असणार.
अर्धा आरोप मागे घेतो.
अर्धा ठेवतो. डावा हात मी नीट ऐकलाय.

दिगंत म्हात्रेच्या बेसला दीड ओळ दिली.
त्यात कानाचा दोष नाही, आळस माझा.
चौथ्या तुकड्यात तो एक स्वर धरून बसतो,
किंचित उतरलेला,
आणि काही केल्या चढवत नाही.
शेवटी बाकीचेच एकेक करून खाली येतात
आणि त्याच्या शेजारी जागा करून घेतात.
अशी हट्टी नम्रता मी गेल्या दहा अल्बमांत ऐकलेली नाही.

राहिला तिसरा तुकडा.
काल रात्री तो अकरा वेळा लावला.
सिंबल नाहीच आली.
पण सातव्या खेपेला लक्षात आलं :
हेमांगी श्वास घेते तो कुणाला तरी विचारून घेते.
कैझाद सुरू होतो आणि अर्ध्यात हात आवरतो,
दारात कुणी उभं असल्यासारखा.
दिगंत चालतो ते भिंतीला हात लावून,
आणि भिंत मला दिसत नाही.
तिघंही वळतात ते एकदमच,
एकाच अदृश्य कोपऱ्यावर.

एवढ्यावरून मी सांगू शकतो
की त्या खोलीत चौथा माणूस होता,
साडेसात मिनिटं सलग होता,
आणि त्याच्यावाचून बाकीचे रस्ता चुकले असते.
तो कसा वाजवत होता, ते मला विचारू नका.
नसीमाला विचारा. ती म्हणाली, तांदूळ पाखडल्यासारखं.

हे सगळं संपादकांना पाठवलं.
ते म्हणाले, छान आहे,
पण शुद्धिपत्राला जागा दोनच ओळींची.

पान एकेचाळीस, ओळ नववी : 'हातही लावत नाही'ऐवजी
'हात काढतच नाही' असे वाचावे.