निरर्थक अक्षरं

मन कुरखेड्याला आलं ते एसटीच्या टपावरून,
आग्र्याच्या लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळलेलं.
केवळरामनं ते डोक्यावर घेतलं,
वाटेत एकदा पारावर टेकवलं,
आणि डेड स्टॉक रजिस्टरात माझ्यासमोर लिहिलं :
मन मोजण्याचे यंत्र. नग एक.

खोली मिळाली ती पूर्वी धानाच्या बियाण्याची.
उंदरांना ते कोणी कळवलं नव्हतं.

वर्गात मी सांगितलं :
दोन हजार वर्षं मन तत्त्वज्ञांकडे होतं,
गहाण म्हणा, राखणीला म्हणा.
मग अठराशे एकोणऐंशी साली
लाइपझिगला एका प्राध्यापकानं त्यासाठी खोली थाटली.
वरून एक गोळी पडली. तिचा आवाज.
बटणावर एक बोट.
आवाज आणि बोट यांच्यामध्ये जी फट राहिली,
सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी,
तिथं आपला विषय जन्मला.

मागच्या बाकावरून कोणीतरी : "मॅडम, सुईण कोन होती?"
वर्ग हसला. मीही हसले,
कारण उत्तर येत नव्हतं.

पहिला प्रयुक्त म्हणून केवळरामला बसवलं.
दिवा लागला. बोट तसंच.
"कावून नाई दाबलं?"
"पाहत होतो ना जी. लाल मस्त दिसते."
मी रकान्यात आडवी रेघ मारली.

दुसरा प्रयोग स्मरणाचा.
जर्मनीतच आणखी एकानं, एकट्यानं, स्वतःवरच केलेला.
अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, मग मोजायचं,
तासाभरात किती गळाली, दिवसभरात किती.
अर्थ असला की आठवण ओळखीपाळखीनं आत शिरते,
म्हणून अक्षर कोरं हवं,
कोणाचंच नसलेलं.

कंदिलाशी बसून मी बारा जुळवली.
झॅफ. ढुव. येर. लॅज. बोन. रोन.
पुढची सहाही अशीच.

जैनी हिचामी, बी.ए. भाग दोन, रोल नंबर सतरा.
ढोल फिरला. एकेक अक्षर फटीपाशी आलं, गेलं.
बाकीच्यांना पाच-सहा आठवली, आगंमागं.
तिनं दोनच लिहिली : येर, रोन.
खाली, अंतर्निरीक्षणाच्या जागेत,
"पाणी दिसले. मग घर दिसले.
नंतरची अक्षरे मी पाहिली नाहीत."

नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी लाल शाईत शेरा दिला :
सामग्री दूषित.

ते गेल्यावर मी यादी टेबलावर ठेवली,
शेजारी पेन्सिल. ज्याला जे कळतं त्यानं ते खोडा.
जैनीनं आपली दोन खोडली, सावकाश, जणू परत घेत होती.
गौरनगरचा निताई मंडल बोनवर थांबला,
"बहीण, मॅडम. आमच्याकडं बहिणीला बोन."
मराठीचे ठवरे सर डोकावले, म्हणाले,
येर तर आपल्या जुन्या पोथ्यांतही आहे. येर म्हणजे दुसरा.
माझ्याच भाषेत होता तो, आणि मी त्याला कोरा समजले.
केवळरामनं ढुव खोडलं.
"आमी म्हशीले असंच बलावतो."
"कोण आमी?"
"मी न् माही म्हस."

मी नवी अक्षरं करत गेले.
रोज कोणीतरी पेन्सिल मागत राहिलं,
कोणाची आजी कोरचीची, कोणाचा मामा छत्तीसगडचा,
एकानं तर सांगितलं, हे माझ्या धाकट्या भावाचं,
बोलायला शिकायच्या आधीचं.
कुरखेड्यात मला बारा निरर्थक अक्षरं
एकदाही पुरी मिळाली नाहीत.

यंदा यंत्र निर्लेखित झालं. भंगारवाला आरमोरीचा,
त्यानं ते तोललं, किलोवर.
मुलांची नावं माझ्यातून गळत गेली,
पुस्तकातल्या वक्राबरहुकूम,
आधी भराभर, मग थेंब थेंब.
झॅफ तेवढं पाठ आहे.
ते खोडायला कोणी आलं नाही.